घरमालकाने डिपॉझिट अडवलं तर कायदा त्याला नेमकी काय शिक्षा करतो?

किल्लीवाला (धागाकर्ता)

जुने धागे चाळले. 'सगळे मालक सारखेच' आणि 'भाडेकरू माजलेत' या दोन टोकांच्या मध्ये चर्चा अडकते आणि धागा बंद पडतो. म्हणून हा वेगळा काढतोय. मला कायद्याचं विचारायचंय.

पुण्यात तीन वर्षं लिव्ह अँड लायसन्सवर राहत होतो. ११-११ महिन्यांचे करार, सगळे नोंदवलेले. डिपॉझिट ₹७५,०००, बँकेतून दिलेलं आणि करारातही तेवढंच लिहिलेलं. करारात ठरल्याप्रमाणे महिन्याची नोटीस देऊन घर सोडलं. किल्ली घेताना मालक म्हणाले, "रविवारपर्यंत टाकतो." रविवार उलटल्यावर व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो आला, हाताने लिहिलेला हिशेब:

रंगकाम २८,०००
डीप क्लीनिंग ६,०००
बाथरूमचा नळ १,८००
पडद्यांच्या रॉडची भोकं ४,५००
इतर ९,०००

एकूण ₹४९,३००. उरलेले ₹२५,७०० कधी देणार, तर "नवीन पार्टी आली की". एकाही गोष्टीचं बिल नाही. टेक्ससमधला मित्र म्हणतो की तिकडे असं केलं तर मालकाला तिप्पट भरावे लागतात. आपल्याकडे असा काही दंड आहे का? पोलिसांत जाऊन उपयोग होईल का? जाणकारांनी सांगावं.

रिकामटेकडा

'इतर ९,०००' वाचून डोळे पाणावले. बहुतेक तो हिशेब लिहायला लागलेले कष्ट असावेत.

निळूभाऊ

कसला दंड नि कसलं काय. सरळ चौकीत जा आणि ४२० ठोका. हवालदार दारात उभा राहिला की पैसे आपोआप बाहेर येतात. स्वानुभव.

काळाकोट

निळूभाऊ, तुमचं काम झालं असेल, पण हा सल्ला सगळ्यांना देऊ नका.

किल्लीवाला, तुम्ही चौकीत गेलात तर फार तर एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून घेतील आणि 'हे दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा' म्हणून वाटेला लावतील. त्यात त्यांचं चुकलं असं मी तरी म्हणणार नाही. फसवणुकीच्या कलमासाठी (जुनं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८) पैसे घेतानाच ते बुडवायचा इरादा होता हे दाखवावं लागतं. तुमच्या मालकांनी तीन वर्षं घर वापरू दिलं, दर वेळी करार नोंदवला आणि शेवटी हिशेबावरून वाजलं. यात सुरुवातीपासूनचा इरादा कुठून दाखवणार? हां, एकच फ्लॅट हेवी डिपॉझिटवर (भाड्याऐवजी एकदम मोठी रक्कम घेऊन) चौघांना देऊन माणूस गायब झाला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे गुन्हा दाखल झालाच पाहिजे.

आता मूळ प्रश्न. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये डिपॉझिट अडवल्याबद्दल दुप्पट, तिप्पट असा कुठलाही दंड नाही. किती दिवसांत परत द्यायचं याची मुदत नाही आणि किती घ्यायचं याला मर्यादाही नाही. करारात जे लिहिलंय ते, बस्स.

मला यातली खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. याच कायद्याचं कलम २४ वाचा. मुदत संपल्यावर तुम्ही घर सोडलं नाहीत, तर परवाना शुल्काच्या (लिव्ह अँड लायसन्समधल्या भाड्याच्या) दुप्पट दराने भरपाई तुम्ही द्यायची. शिवाय तुम्हाला बाहेर काढायला मालकाला नेहमीच्या कोर्टाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही, त्याच्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे वेगळी, जवळची वाट काढून ठेवली आहे. भाडेकरूने घर अडवलं की दुप्पट, मालकाने पैसे अडवले की 'दिवाणी दावा लावा'! डिपॉझिटसाठी तुम्हाला त्या प्राधिकाऱ्याचं दार ठोठावताही येत नाही.

मालकाला तुरुंग दाखवणारी एक तरतूद आहे ती कलम ५५ ची, आणि तीसुद्धा डिपॉझिटसाठी नाही. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची. ती त्याने पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ₹५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमचे करार नोंदवलेले असल्यामुळे हे हत्यार तुमच्या हातात नाही.

किल्लीवाला

ताई, सविस्तर उत्तराबद्दल आभार. पण मग त्यांना काहीच होणार नाही, असाच अर्थ झाला ना?

काळाकोट

शिक्षा होणार नाही. वसुली होऊ शकते, व्याजासकट. त्यावर रात्री निवांत लिहिते, आता कोर्टात आहे.

खडूस_मालक

नाव मुद्दाम असं घेतलंय, म्हणजे शिव्या घालणाऱ्यांची सोय होते.

दुसरी बाजूही ऐका. माझा एक फ्लॅट भाड्याने दिलेला असतो. मागच्या भाडेकरूंनी शेवटचे दोन महिने भाडंच दिलं नाही. विचारलं तर म्हणे "डिपॉझिटमधून वळतं करा, काका." केलं. नंतर महावितरणचं बिल आलं, माझ्या नावावर. ओट्याच्या ग्रॅनाइटला आरपार तडा. डिपॉझिटमध्ये काही उरलंच नव्हतं, कशातून कापू? आणि त्यांचा नवा पत्ताही माझ्याकडे नाही. भाडेकरूने असं केलं तर त्याला तिप्पट दंड करणारा कायदा तुमच्या टेक्ससवाल्या मित्राला माहीत आहे का?

किल्लीवाल्यांच्या मालकांनी बिलं न दाखवता ४९ हजार कापले हे चूकच आहे. पण डिपॉझिट असतं ते अशाच वेळेसाठी.

उंबरठा

खडूस काका, ग्रॅनाइट आणि वीजबिल मान्य. रंगकामाचं बोला. तीन वर्षांत रंग फिका होणारच, घरात कोणी राहो न राहो. पुढच्या भाडेकरूला घर दाखवायचं म्हणून मालक रंग काढतो आणि बिल मागच्याच्या नावावर फाडतो. बहुतेक करारांत 'सर्वसाधारण वापराने होणारी झीज वगळून' घर परत द्यायचं असं लिहिलेलं असतं. मुलाने भिंतीवर खडूने हत्ती काढला किंवा डबल टेपने प्लास्टरचा पापुद्रा निघाला तर ते भाडेकरूने भरावं. फिका पडलेला रंग ही झीज आहे.

खडूस_मालक

तत्त्वतः पटतं. मी तीन वर्षांनंतर रंगाचे पैसे घेत नाही. पण 'घर सोडताना एक महिन्याचं भाडं रंगकामापोटी कापण्यात येईल' असं कलमच कितीतरी करारांत असतं, आणि लोक अंगठा लावताना तो कागद वाचत नाहीत. मग नंतर कायदा शोधत बसतात. किल्लीवाला, आधी तुमचा करार काढून बघा.

किल्लीवाला

काढला. रंगाबद्दल अवाक्षर नाही. 'झीज वगळून' आहे. डिपॉझिट 'ताबा दिल्यावर बिनव्याजी परत' एवढंच आहे.

टेम्सकाठी

इंग्लंडमधली पद्धत सांगते, कारण तिथला दंड वेगळ्याच ठिकाणी बसतो आणि मला ती कल्पना फार आवडते.

इथे मालकाने डिपॉझिट घेतलं की ते ३० दिवसांच्या आत तीन सरकारमान्य योजनांपैकी एकीत सुरक्षित करावं लागतं आणि कुठे ठेवलंय ते भाडेकरूला लेखी कळवावं लागतं. ही पद्धत २००७ पासूनची. हे केलं नाही तर कोर्ट मालकाला डिपॉझिटच्या एक ते तीन पट रक्कम भाडेकरूला द्यायला लावतं. लक्षात घ्या, हा दंड पैसे परत न दिल्याचा नाही, ते योजनेत न ठेवल्याचा आहे. म्हणजे मालकाची चूक भाडेकरू आत राहत असतानाच पकडता येते, घर सोडून हात बांधले जायची वाट बघायला नको.

वाद झालाच तर योजनेकडूनच मोफत निवाडा मिळतो. तिथे डिपॉझिट मुळात भाडेकरूचं असं धरूनच सुरुवात होते, त्यामुळे कापण्याचं कारण मालकाने पुराव्यानिशी द्यायचं. घर देतानाची यादी आणि फोटो नसतील तर मालकाचं फारसं चालत नाही. शिवाय २०१९ पासून डिपॉझिटला मर्यादा आहे, वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर पाच आठवड्यांचं भाडं, त्याहून जास्त नाही.

चार्ल्सकाठी

टेम्सकाठी, तुमच्या आयडीला जोडीदार!

मी बॉस्टनला. मॅसॅच्युसेट्सचा कायदा भलताच कडक आहे. डिपॉझिट जास्तीत जास्त एक महिन्याचं भाडं. ते राज्यातल्याच बँकेत वेगळ्या, व्याज देणाऱ्या खात्यात ठेवायचं आणि ३० दिवसांत बँकेचं नाव नि खाते क्रमांक लिहिलेली पावती भाडेकरूला द्यायची. घर सोडल्यावर ३० दिवसांत परत. नाही दिलं तर तिप्पट, वर कोर्टाचा आणि वकिलाचा खर्च. छोटे मालक इथे डिपॉझिट घ्यायलाच घाबरतात.

किल्लीवाल्यांच्या मित्राने टेक्ससचं सांगितलं ते बरोबर, पण अर्धंच. तिथे मालकाने वाईट हेतूने पैसे अडवले असतील तर १०० डॉलर, अधिक अडवलेल्या रकमेच्या तिप्पट, अधिक वकिलाची फी. पण भाडेकरूने आपला नवा पत्ता लेखी कळवलेला नसेल तर तोवर मालकावर पैसे पाठवायचं बंधनच नाही. खडूस काकांच्या त्या पत्ता न ठेवणाऱ्या भाडेकरूला तिथेही काही मिळालं नसतं.

बव्हेरियन_भाऊ

जर्मनीत तिप्पट वगैरे काही नाही. डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत, तेही भाडेकरू तीन हप्त्यांत देऊ शकतो. मालकाने ते आपल्या पैशांपासून वेगळं ठेवायचं आणि व्याज भाडेकरूचं. परत मिळायला मात्र कित्येक महिने लागतात आणि त्यावर कोणाचं फारसं काही म्हणणंही नसतं. दंडाशिवायही गाडी चालते ती पैसा वेगळ्या खात्यात पडून असतो म्हणून. आपल्याकडे मालकाने त्या पैशांतून कधीच कारचा हप्ता भरलेला असतो आणि म्हणूनच 'नवीन पार्टी आली की देतो'.

रिकामटेकडा

+१. नव्या भाडेकरूच्या डिपॉझिटमधून जुन्याचं डिपॉझिट. याला साखळी योजना म्हणतात, पण घराला लावली की चालतं.

निळूभाऊ

तिकडचं कौतुक पुरे. केंद्राचा तो नवा भाडेकरू कायदा आला होता ना? त्यात दोन महिन्यांची मर्यादा आहे म्हणे.

काळाकोट

आदर्श भाडेकरू कायदा, २०२१. नावाप्रमाणे तो नमुना आहे. राज्याने स्वतःच्या विधिमंडळात तसा कायदा केला तरच तो लागू होतो, आणि आपल्याकडे अजून १९९९ चाच चालतो. नमुन्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे आणि ताबा परत घेताना रास्त वजावट करून उरलेलं डिपॉझिट देऊन टाकायचं असंही आहे. पण तिथेही तराजू कुणीकडे झुकलाय ते बघा. मुदतीनंतर राहिलेल्या भाडेकरूला पहिले दोन महिने दुप्पट भाडं आणि पुढे चौपट! डिपॉझिट दाबणाऱ्या मालकाला असा पटीतला दंड त्यातही नाही.

सायली_पी

धागा वाचून पोटात गोळा आला. आमचं डिपॉझिट दीड लाख आहे, पण करारात ₹१०,००० लिहिलंय. बाकी रोख दिले. एजंट म्हणाला जास्त डिपॉझिट दाखवलं की स्टँप ड्युटी खूप वाढते, म्हणून सगळे असंच करतात. पावती नाही. काय करू?

नोंदणीवाला

मी ऑनलाइन भाडेकरार नोंदवून देण्याचंच काम करतो, त्यामुळे हे वाचून हसावं की रडावं कळेना.

सायलीताई, गणित करून दाखवतो. लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क पाव टक्का. ते लागतं करारकाळातल्या एकूण भाड्यावर, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर नाही, तर त्या डिपॉझिटवर दरसाल १० टक्क्यांनी जे काल्पनिक व्याज होईल त्यावर. तुम्ही लपवलेले ₹१,४०,०००. त्यावर वर्षाचं व्याज ₹१४,०००. त्याचा पाव टक्का ₹३५. पस्तीस रुपये! नोंदणी फी महापालिका हद्दीत ₹१,०००, ग्रामीण भागात ₹५००, तिचा डिपॉझिटशी संबंधच नाही. ३५ रुपये वाचवायला कोणी एक लाख चाळीस हजार उघड्यावर ठेवतं का? मालकाला रोख हवी होती ती दुसऱ्या कारणासाठी, स्टँप ड्युटी हे निमित्त.

काळाकोट

नोंदणीवाले, हे गणित कुणीतरी फ्रेम करून प्रत्येक एजंटच्या टेबलावर ठेवायला हवं.

सायली, यातला विरोधाभास सांगते. करार लेखी आणि नोंदवलेला नसेल, तर कलम ५५ म्हणतं की अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते मानायचं, उलट सिद्ध करायचं ते मालकाने. म्हणजे करारच नसता तर 'मी दीड लाख दिले' हे तुमचं म्हणणं आधी धरलं गेलं असतं. पण तुमच्याकडे नोंदवलेला करार आहे आणि त्यात ₹१०,००० लिहून खाली तुमचा अंगठा आहे. लेखी करारातल्या मजकुराविरुद्ध तोंडी पुरावा देणं महाकठीण. कागद नसण्यापेक्षा खोटा आकडा असलेला कागद जास्त घातक, तो असा.

अजून घरात आहात ना? मग वेळ गेलेली नाही. मालकांना साधा, गोड मेसेज करा: 'काका, आपल्याकडे आमचं डिपॉझिट एकूण दीड लाख जमा आहे, त्यातले दहा करारात आहेत, नवीन करार करताना पूर्ण रक्कम लिहूया.' 'हो' असं उत्तर आलं तरी हाताशी काहीतरी आलं. पैसे काढल्याचे एटीएमचे व्यवहार, त्या दिवशीचं एजंटशी झालेलं चॅट, सगळं जपून ठेवा. कोर्टात चॅट द्यायचं तर साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यामुळे फोन बदलताना सगळं पुसून बसू नका. नूतनीकरणाच्या वेळी मात्र खरा आकडा लिहून घ्याच.

रोख घेणाऱ्या मालकांसाठीही एक गोष्ट. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारली तर आयकर कायद्यात स्वीकारणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड आहे. सायलीचे दीड लाख त्या खाली आहेत, पण मुंबईतल्या हेवी डिपॉझिटवाल्यांनी ध्यानात ठेवावं.

निवृत्त_कॅशियर

वकीलबाई म्हणतात दुप्पट दंड कुठे नाही. आहे की, फक्त भाड्याच्या कायद्यात नाही. चेक!

मालकाकडे पैसे तयार नसतील तर ठरलेल्या रकमेचा पुढच्या तारखेचा चेक मागायचा. तारखेपासून तीन महिन्यांत तो भरावा लागतो. वटला नाही तर पराक्रम्य संलेख अधिनियमाचं (चेक वगैरेंच्या कायद्याचं) कलम १३८. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, तरी दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आयुष्यभर काउंटरच्या आतून बघितलंय, 'तोंडी देतो' म्हणणारा माणूस चेकबुक काढायची वेळ आली की खरं बोलायला लागतो.

काळाकोट

कॅशियरकाका, अगदी मुद्द्याचं. फक्त चेक कधी घ्यायचा ते महत्त्वाचं. घरात शिरतानाच डिपॉझिटचा चेक घेऊन ठेवला आणि शेवटी वजावटीवरून वाद झाला, तर 'एवढी रक्कम मी देणं लागतच नव्हतो' असा बचाव मालक घेतो आणि केस रेंगाळते. म्हणून घर सोडायच्या दिवशी दोघांनी मिळून घर बघायचं, मीटरचं रीडिंग नि भिंतींचे फोटो काढायचे, कागदावर हिशेब मांडून दोघांच्या सह्या घ्यायच्या, त्या आकड्याचा चेक घ्यायचा आणि मगच किल्ली द्यायची. किल्ली तुमच्या हातात आहे तोवर मालक तुमचा फोन उचलतो. पण किल्ली अडवून बसताना कराराची मुदत संपू देऊ नका, नाहीतर मगाशी सांगितलेलं दुप्पट शुल्क तुमच्यावरच उलटेल. हे सगळं महिनाभर आधी सुरू करायचं.

आता किल्लीवाला, तुमचं. किल्ली गेली, चेक नाही. तरी तुमची केस बरी आहे कारण पैसे बँकेतून गेलेत, आकडा करारात आहे आणि मालकांनी हिशेब स्वतःच्या अक्षरात दिलाय. ते ₹२५,७०० देणं लागतो असं त्या कागदाने त्यांनीच कबूल केलंय, तो फोटो सोन्यासारखा जपा.

पहिलं काम म्हणजे प्रत्येक ओळीला लेखी उत्तर. नळाचं बिल दाखवा, देतो. रंग ही झीज आहे, देणार नाही. 'इतर' म्हणजे काय ते सांगा. राग गाळून लिहा, उद्या ते न्यायाधीश वाचणार आहेत अशा बेताने. दाद लागली नाही तर वकिलामार्फत नोटीस, आणि त्या नोटिशीत 'अमुक तारखेपासून अमुक टक्के व्याज मागणार' हे स्पष्ट लिहायचं. करारात व्याजाची अट नसेल तर व्याज अधिनियम, १९७८ नुसार दाव्याआधीच्या काळाचं व्याज लेखी मागणीतल्या तारखेपासून धरलं जातं. नोटिशीत व्याजाचा उल्लेख नसेल तर ते गमावता. लोक नोटिशीत मालकाची कुळं उद्धारतात आणि हे एक वाक्य विसरतात. तुमच्या करारातल्या 'बिनव्याजी'वर ते बोट ठेवतील, पण तो शब्द घरात राहत असतानाच्या काळापुरता आहे, ताबा दिल्यानंतरच्या उशिरासाठी नाही, असं आपण मांडायचं.

पुढे दावा. लेखी करारातली ठरलेली रक्कम असल्यामुळे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली समरी (झटपट) दाव्याचा विचार करता येतो. त्यात मालकाला बचाव करायचा तर आधी कोर्टाची परवानगी मागावी लागते. मुदत तीन वर्षं, म्हणून 'देतो देतो'वर वर्षं काढू नका.

पण ७५ हजारांसाठी आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. दावा लावण्याआधीच लोकअदालतीत प्रकरण ठेवता येतं, कोर्ट फी नाही, आणि तडजोड झाली तर तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का, त्यावर अपीलही नाही. उत्पन्न कितीही असो, महिलांना तिथे वकीलही मोफत मिळतो. सायली, हे तुमच्यासाठी. समोरचा आलाच नाही तर मात्र तिथे काही होत नाही, मग दावा. अशा प्रकरणांत बहुतेक येतात, कारण न्यायालयाच्या आवारातून आलेलं पत्र घरात सगळे वाचतात.

उंबरठा

ताई, दंड कायद्यात नाही तर आपणच करारात लिहिला तर? 'डिपॉझिट द्यायला उशीर झाल्यास रोज ₹१,०००' वगैरे?

काळाकोट

लिहायचाच, पण एवढा हावरटपणा नको. करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं, ठरलेली रक्कम ही कमाल मर्यादा, कोर्ट त्यातून रास्त भरपाई तेवढीच देणार. रोज हजार कोर्टात टिकणार नाहीत. दरसाल १५-१८ टक्के व्याज टिकायची शक्यता बरीच जास्त. मी अशिलांना साधारण असं लिहून देते:

'घराचा रिकामा ताबा मिळताच, पावत्यांनिशी दाखवलेली वजावट सोडून उरलेली अनामत रक्कम मालकाने त्याच दिवशी बँकेमार्फत परत करावी. तसे न केल्यास थकीत रकमेवर दरसाल १८ टक्के व्याज देय राहील आणि रक्कम मिळेपर्यंत परवानाधारकास शुल्क न देता ताबा ठेवण्याचा हक्क राहील.'

शेवटच्या वाक्यामुळे कलम २४ च्या दुप्पट शुल्काला तुमच्याकडे काहीतरी उत्तर राहतं. ते अभेद्य आहे असं नाही, पण मालकाला कागदावर वाचायला लागतं हेही पुष्कळ.

आणि हेच कलम ७४ मालकांच्या लाडक्या अटीलाही लागतं: 'लॉक-इन (ठरावीक काळ घर न सोडण्याची अट) मोडल्यास संपूर्ण डिपॉझिट जप्त'. सर्वोच्च न्यायालयाने कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण (२०१५) मध्ये सांगितलंय की नुकसान झालंच नसेल तर या कलमाखाली भरपाई नाही. ते प्रकरण भूखंडाच्या बयाणा रकमेचं होतं, पण तत्त्व हेच. तुम्ही गेलात आणि आठवड्यात नवा भाडेकरू आला, तर मालकाचं नुकसान आठवड्याचं.

खडूस_मालक

काळाकोट, उलट बाजूने विचारतो. शेवटचे दोन महिने भाडं न देता 'वळतं करा' म्हणणाऱ्यांना करारात कसं अडवायचं?

काळाकोट

'अनामत रक्कम परवाना शुल्कात वळती करता येणार नाही' ही एक ओळ. आणि ती असो वा नसो, तुमच्या लेखी संमतीशिवाय त्याने भाडं थांबवलं तर ती थकबाकीच. तुम्ही ती कापू शकता, वर दावाही लावू शकता. तुम्हाला व्याजाचं कलम चालेल का?

खडूस_मालक

पावत्यांनिशी वजावट म्हटलंय ना, मग चालेल. '१८'चे १२ करा.

किल्लीवाला

सगळ्यांचे आभार. काल ओळीवार उत्तर पाठवलं, बिलं मागितली. नळाचं बिल आलं, ₹६५० चं. रंगाबद्दल व्हॉइस नोट आली, त्यात सुरुवातीची दोन मिनिटं माझ्या संस्कारांवर आहेत. 'इतर'बद्दल मौन. पुढच्या आठवड्यात विधी सेवा प्राधिकरणात अर्ज देतोय. नव्या घराचा करार परवा आहे, एजंट म्हणतो मसुदा छापील असतो, त्यात बदल होत नाहीत. खरं का?

नोंदणीवाला

साफ खोटं. ऑनलाइन मसुद्यातही जादा अटी घालता येतात, एजंटला टाइप करायचा कंटाळा असतो एवढंच. वरचं कलम त्याला आजच मेसेज करा, पानं तयार झाली की पीडीएफ मागवून वाचा आणि अट दिसली तरच अंगठा लावा. एकदा बायोमेट्रिक होऊन गेलं की दुरुस्तीसाठी वेगळा दस्त करावा लागतो.